'पॉवर' : एका शास्त्रीय शब्दाचा व्यवहार

१

वाशिष्ठी नदी अरबी समुद्राला मिळते तेथे तिच्या उत्तर तीरावर दाभोळ हे जुने बंदर आहे, आणि दक्षिण तीरावर अंजनवेल. दाभोळ दापोली तालुक्यात मोडते. अंजनवेल, वेलदूर आणि रानवी ही गावे गुहागर तालुक्यातील होत. १९९२ नंतर ज्या वीजप्रकल्पाने महाराष्ट्राचे राजकारण दशकभर ढवळून काढले तो उभा राहिला दक्षिण तीरावर, आणि त्याच्या कंपनीने नाव घेतले ते उत्तर तीरावरील गावाचे. 'दाभोळ पॉवर कंपनी' या नावातील पहिला शब्द अशा रीतीने खाडीपलीकडचा आहे. गुहागर तालुक्यातील लोकांनी ही चूक आपल्यापुरती दुरुस्त केली. ते या जागेला 'एन्रॉन' म्हणू लागले, आणि डिसेंबर २००१ मध्ये मूळ अमेरिकन कंपनीचे दिवाळे निघाल्यानंतरही बोलण्यात हेच नाव टिकले. विशेषनामाचे स्थलनाम होण्याचे हे एक स्वच्छ उदाहरण आहे.

कंपनीच्या नावातील दुसरा शब्द मात्र कोणी दुरुस्त केला नाही. तो तसा दुरुस्त करण्याजोगा आहे असे कोणाच्या मनातही आले नाही. 'पॉवर' म्हणजे वीज, हे समीकरण इतके अंगवळणी पडले आहे की त्याविषयी शंका घेणे हा शब्दच्छल वाटावा. वस्तुतः हे समीकरण शास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहे, आणि त्या चुकीची किंमत केवळ पाठ्यपुस्तकात मोजावी लागते असे नाही. ज्या करारावरून गुहागर तालुक्यात मोर्चे निघाले, माणसे तुरुंगात गेली, आणि राज्याच्या वीज मंडळावर असह्य भार पडला, त्या करारात विकली गेलेली वस्तू कोणती, हा प्रश्न या एका शब्दाच्या अर्थाशी बांधलेला आहे. यास्तव या शब्दाचा शास्त्रीय अर्थ, मराठीत त्याला मिळालेले प्रतिशब्द, रोजच्या बोलण्यातील त्याचा वापर आणि कराराच्या संदर्भात या सर्वांचा झालेला परिणाम, अशा क्रमाने येथे विचार करावयाचा आहे.

२

भौतिकशास्त्रात पॉवर म्हणजे कार्य करण्याचा दर. एकक काळात किती कार्य झाले, किंवा किती ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात गेली, हे ती सांगते. तिचे एकक वॅट. ऊर्जा ही राशी वेगळी आहे. ती साठविता येते, खर्च होते, मोजून विकता येते. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे जी ऊर्जा खर्च होते तिला व्यवहारात एक युनिट म्हणतात. वॅट हा वेग आहे. युनिट हे कापलेले अंतर आहे. ताशी साठ किलोमीटर वेगाची मोटार 'साठ किलोमीटर गेली' असे कोणी म्हणत नाही, कारण ती किती वेळ चालली हे ठाऊक असल्यावाचून अंतर सांगता येत नाही. मेगावॅटचेही तसेच आहे.

या भेदाचे उत्तम उदाहरण वाशिष्ठीच्याच खोऱ्यात सापडते. कोयना जलविद्युत प्रकल्पाचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेस चिपळूण तालुक्यात उतरविले जाते आणि वीजनिर्मितीनंतर ते वाशिष्ठीत सोडले जाते. अखेर ते अंजनवेलजवळच समुद्राला मिळते. कोयनेची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. ही सर्व यंत्रे वर्षभर अहोरात्र पूर्ण वेगाने फिरली असती तर सुमारे १,७१७ कोटी युनिट वीज निर्माण झाली असती. तसे होत नाही, कारण पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे, आणि तेवढ्या पाण्यात या आकड्याचा केवळ एक अंश निघतो. म्हणून कोयना मुख्यतः संध्याकाळच्या आणि सकाळच्या वाढत्या मागणीच्या वेळी चालविली जाते. तिची पॉवर मोठी आहे, तिच्यापासून मिळणारी ऊर्जा त्या मानाने मर्यादित आहे. आणि तरीही ती मौल्यवान आहे, कारण हवी त्या घटकेला ती हजर होते. पॉवर आणि ऊर्जा यांचे मूल्य निरनिराळे असते, इतकेच नव्हे तर एकीवाचून दुसरीचे मोल ठरविता येत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

३

हा काटेकोर अर्थ इंग्रजी भाषेलाही सहज लाभलेला नाही. 'पॉवर' हा शब्द लॅटिनमधील 'शकणे' या अर्थाच्या धातूपासून फ्रेंचच्या मार्गाने इंग्रजीत आला. करता येणे, समर्थ असणे, हा त्याचा मूळ अर्थ. राजाची सत्ता, देवाचे सामर्थ्य, औषधाचा गुण हे अर्थ त्यातून निघाले. तरफ, कप्पी, उतरण यांसारख्या साध्या यंत्रांना इंग्रजीत दीर्घकाळ 'यांत्रिक पॉवर' असेच म्हटले जात असे. त्या काळी बल, कार्य, ऊर्जा आणि पॉवर यांच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या होत्या. ऊर्जा या अर्थी 'एनर्जी' हा शब्द टॉमस यंग याने १८०७ मध्ये शास्त्रीय लेखनात वापरला. कार्याची संज्ञा फ्रान्समध्ये कोरिऑलिसने १८२९ च्या सुमारास स्थिर केली. आणि वॅट या एककाची सूचना विल्यम सीमेन्सने १८८२ मध्ये केली.

तथापि कार्याचा दर मोजण्याची गरज शास्त्रज्ञांच्या आधी व्यापाऱ्यांना भासली होती, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. जेम्स वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांना आपली वाफेची इंजिने गिरणीमालकांना द्यावयाची होती. गिरण्या घोड्यांवर चालत होत्या. तेव्हा आपले इंजिन किती घोड्यांच्या जागी काम करील हे सांगणे भाग होते. वॅटने एका घोड्याचे काम मिनिटास ३३,००० फूट-पौंड असे ठरविले आणि इंजिनाचे वार्षिक शुल्क त्याच्या अश्वशक्तीवर आकारले. इंजिनाने वर्षभरात दळण किती दळले याच्याशी त्या शुल्काचा संबंध नव्हता. किती घोडे दारात उभे केले याच्याशी होता. सारांश, आज शास्त्रीय म्हणून ओळखला जाणारा हा अर्थ एका कराराच्या पोटी जन्माला आला. त्या कराराचे स्वरूप आणि अंजनवेलच्या कराराचे स्वरूप यांत किती साम्य आहे ते पुढे दिसेल.

४

मराठीतील शालेय पुस्तकांनी बलाला 'बल', कार्याला 'कार्य', एनर्जीला 'ऊर्जा' आणि पॉवरला 'शक्ती' ही संज्ञा दिली आहे. यांपैकी 'शक्ती' ही निवड व्युत्पत्तीच्या दृष्टीने अत्यंत समर्पक म्हणावयास हवी. संस्कृत 'शक्' धातूचा अर्थही 'शकणे' हाच. लॅटिन आणि संस्कृत या दोन्ही भाषांनी सामर्थ्याची कल्पना 'करता येणे' या एकाच मुळातून वाढविली. आपल्या शास्त्रपरंपरेतही शक्ती म्हणजे प्रकट झालेले कार्य नव्हे, कार्याच्या मागे उभी असलेली योग्यता. नैयायिकांनी पद आणि पदार्थ यांच्या संबंधालाच शक्ती म्हटले. साहित्यशास्त्राने अभिधा, लक्षणा, व्यंजना यांना शब्दाच्या शक्ती म्हटले. शब्द उच्चारला गेला नाही तरी त्याची शक्ती नाहीशी होत नाही.

अडचण येते ती अन्यत्र. मराठी व्यवहारात 'शक्ती' या शब्दावर बल, जोम, सामर्थ्य, देवता आणि सैन्यबळ या सर्वांचा भार आहे. आजारी माणसाच्या अंगात शक्ती नसते, तेव्हा तो शब्द ऊर्जेच्या जवळ असतो. ओझे उचलावयास शक्ती लागते, तेव्हा तो बलाच्या जवळ असतो. विद्यार्थी परीक्षेत व्याख्या अचूक लिहितो आणि परीक्षागृहाबाहेर येताच तिन्ही अर्थ पुन्हा एक करून टाकतो. हा दोष विद्यार्थ्याचा नाही. संज्ञा केवळ व्याख्येने जगत नाही. तिच्याभोवती विरोधी आणि शेजारी शब्दांचे एक कुंपण असावे लागते, आणि ते कुंपण बोलण्यात रोज उभारले जावे लागते.

शासन आणि वृत्तपत्रे यांनी हे कुंपण उभारण्याऐवजी मोडले. केंद्र सरकारच्या ज्या मंत्रालयाच्या इंग्रजी नावात 'पॉवर' आहे त्याला हिंदीत 'विद्युत मंत्रालय' म्हणतात. मराठी वृत्तपत्रांत त्याचा मंत्री 'ऊर्जामंत्री' होतो. 'पॉवर प्लँट' म्हणजे वीजनिर्मिती केंद्र, 'पॉवर सप्लाय' म्हणजे वीजपुरवठा, 'पॉवर परचेस ॲग्रीमेंट' म्हणजे वीजखरेदी करार. या सर्व ठिकाणी 'वीज' हा शब्द सोयीचा, सुटसुटीत आणि अस्सल मराठी आहे. विद्युत् या शब्दापासून प्राकृत 'विज्जु'च्या वाटेने तो मराठीत आला; आकाशात चमकणारी ती वीज, आणि पुढे तारेतून येणारीही वीज. परंतु 'वीज' हे वस्तूचे नाव आहे. राशीचे नाव नाही. तिच्यात मेगावॅटही सामावतात आणि युनिटही. 'दोन हजार मेगावॅट वीज' आणि 'दोन हजार युनिट वीज' ही दोन्ही वाक्ये मराठीत सारखीच शुद्ध वाटतात, आणि या सारखेपणातच सर्व घोटाळ्याचे बीज आहे.

५

आता बोलण्यातील 'पॉवर'कडे वळावयास हरकत नाही. शब्द स्त्रीलिंगी आहे; शक्ती, सत्ता, वीज या समानार्थी शब्दांचे लिंग त्याने घेतले असावे असे दिसते. उच्चारात तो पुष्कळदा 'पावर' होतो. मराठीत मुरलेले परभाषी शब्द सामान्यरूप घेतात: बँकेत, मोटारीने. ग्रामीण बोलीत 'लायटीचा खांब' असेही सर्रास ऐकू येते. 'पॉवर' मात्र अद्याप सामान्यरूपाला वश झालेला नाही. 'पॉवरचा', 'पॉवरने' असाच तो चालतो. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने 'लाईट' घरचा झाला, 'पॉवर' ओसरीवरच आहे. असे असूनही त्याच्या अर्थाचा पसारा 'लाईट'हून कितीतरी मोठा आहे.

या अर्थांचे ढोबळ वर्ग पाडता येतात. पहिला सत्तेचा: 'सगळी पॉवर त्याच्याच हातात आहे'. दुसरा कायद्याचा. मुंबईत स्थायिक झालेला चाकरमानी गावच्या जमिनीचे व्यवहार पाहण्यासाठी भावाला किंवा शेजाऱ्याला 'पॉवर करून देतो'. मुखत्यारपत्र या अर्थाच्या लांबलचक इंग्रजी शब्दसमूहातील पहिलाच शब्द येथे उरला आहे, आणि 'करून देणे' या मराठी क्रियापदाने त्याला दस्तऐवजाचे रूप दिले आहे. तिसरा चष्म्याचा, तेथे 'नंबर' आणि 'पॉवर' हे दोन शब्द एकाच अर्थाने नांदतात. चौथा औषधाचा: 'जास्त पॉवरची गोळी'. पाचवा यंत्राचा: हॉर्सपॉवर, पॉवर टिलर, पॉवरलूम. यांपैकी पॉवरलूमला 'यंत्रमाग' हा चांगला पर्याय मिळाला, हॉर्सपॉवरला 'अश्वशक्ती' मिळाला, परंतु पंपाच्या बाबतीत शेतकऱ्याने दोन्ही बाजूस सारून 'पाच हॉर्सची मोटर' असा आपला शब्द घडविला. सहावा विजेचा: 'पॉवर गेली', 'पॉवर कमी आहे'. येथे दाब, प्रवाह, पुरवठा यांपैकी काहीही अभिप्रेत असू शकते. 'पॉवर बँक' या अलीकडच्या शब्दात तर साठविली जाते ऊर्जा आणि नाव मिळते पॉवरचे. ही चूक मराठीची नाही, इंग्रजीतूनच ती तयार आली आहे.

वरवर पाहता हा सगळा अर्थांचा गोंधळ वाटेल. परंतु साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे सर्व लक्ष्यार्थ एका मुख्यार्थाभोवती व्यवस्थित उभे आहेत, आणि तो मुख्यार्थ म्हणजे 'हाताशी राखलेले सामर्थ्य'. सत्ता ही वापरली नाही तरी असते. किंबहुना न वापरताच तिचा धाक अधिक असतो. मुखत्यारपत्र पेटीत पडून असले तरी ज्याच्या नावे ते आहे त्याला अधिकार असतो. पाच हॉर्सची मोटर बंद असतानाही पाच हॉर्सचीच असते. केवळ 'पॉवर गेली' या वाक्यात हा अर्थ सुटल्यासारखा वाटतो. पण तेथेही जाते ती खर्चलेली वीज नव्हे, बटण दाबताच दिवा लागण्याची हमी जाते. सामान्य मराठी भाषकाच्या 'पॉवर'मध्ये दराची कल्पना नाही हे खरे. पण तत्परतेची, सज्जतेची कल्पना तिच्यात निश्चित आहे. शुद्धतेच्या आग्रहाने या वापराला अडाणी ठरविणाऱ्यांनी ही गोष्ट दुर्लक्षिली आहे.

६

या पार्श्वभूमीवर अंजनवेलच्या कराराकडे पाहिले पाहिजे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आणि एन्रॉन यांच्यात जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला. दाभोळ पॉवर कंपनीशी मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये मुख्य करार केला. पहिला टप्पा ६९५ मेगावॅटचा आणि एकूण प्रकल्प २,०१५ मेगावॅटचा ठरला होता. १९९५ मध्ये राज्यात सत्तांतर झाले. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केल्याची घोषणा केली. पुढे फेरवाटाघाटी होऊन १९९६ मध्ये तो पुन्हा मान्य झाला, आणि आकडे ७४० व २,१८४ मेगावॅट झाले. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. मे २००१ मध्ये मंडळाने करार संपुष्टात आणला आणि केंद्र बंद पडले. २००५ मध्ये स्थापन झालेल्या 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' या कंपनीकडे पुढे ते आले. नवीन नावातील स्थळ या वेळी बरोबर होते. 'पॉवर' मात्र तशीच राहिली.

कराराचा गाभा असा होता की मंडळाने दोन प्रकारचे आकार द्यावयाचे. एक क्षमतेचा: केंद्र वीज देण्यास सज्ज आहे एवढ्याबद्दल. दुसरा ऊर्जेचा: प्रत्यक्ष घेतलेल्या युनिटांच्या इंधनाबद्दल. मंडळाने वीज घेतली नाही तरी पहिला आकार चुकत नव्हता. दुसऱ्या शब्दांत, मंडळाने विकत घेतली ती मुख्यतः पॉवर होती. वीज तिच्या पाठोपाठ येणार होती, घेतली तर.

सार्वजनिक चर्चेत मात्र प्रश्न विचारला गेला तो असा: एन्रॉनची वीज युनिटमागे किती रुपयांना पडते? समर्थकांनी एक आकडा सांगितला, विरोधकांनी दुसरा. आणि दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असू शकतात हे सामान्य वाचकाला कळण्याचा मार्ग राहिला नाही. हे गणित साधे आहे. सज्जतेचे हजार रुपये ठरलेले असतील आणि पाचशे युनिट उचलले तर प्रत्येक युनिटावर दोन रुपये बसतात. अडीचशे उचलले तर चार रुपये बसतात. आणि एकही उचलले नाही तर हजार रुपये तसेच राहतात, युनिटाचा भाव सांगताच येत नाही. ७४० मेगावॅटचे केंद्र पूर्ण वेगाने चालले तर दिवसाला १ कोटी ७७ लाख ६० हजार युनिट देते. त्याच्या निम्मे घेतले की स्थिर खर्चाचा वाटा युनिटमागे दुप्पट होतो. मंडळाला परवडेनासा झालेला भाव केवळ महाग नाफ्थ्याचा नव्हता. न वापरलेल्या सज्जतेचाही होता. 'वीज महाग' या दोन शब्दांत हे मावत नाही. 'वीज' घेतलीच नाही तर तिचे पैसे कशाचे, असा रास्त प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात येतो आणि त्याचे उत्तर त्या शब्दात नसते.

कराराचा शेवट ज्या तक्रारीवर झाला तीही हेच दाखविते. जानेवारी २००१ मध्ये मंडळाने केंद्राला उत्पादन वाढविण्यास सांगितले असता ते ठरलेल्या मुदतीत पूर्ण क्षमतेला पोहोचले नाही, असा मंडळाचा आरोप होता. त्यापोटी मंडळाने ४०१ कोटी रुपयांचा दंड लावला आणि कंपनीने तो अमान्य केला. पुढे करार मोडताना सज्जता खोटी सांगितली गेली, हेच कारण पुढे करण्यात आले. वादाचा विषय किती वीज दिली हा नव्हता. सांगितलेली पॉवर खरोखर हाताशी होती काय, हा होता. 'पॉवर' या शब्दाचा अर्थच जणू वादाचा विषय झाला होता.

७

हा भेद मराठीत सांगताच येत नव्हता, असे म्हणता येईल काय? पुरावा याच्या उलट आहे. वीजबिल हा महाराष्ट्रात घरोघर जाणारा मराठी दस्तऐवज आहे. त्यावर 'मंजूर भार' असतो, 'स्थिर आकार' असतो आणि 'वीज आकार' असतो. मंजूर भार म्हणजे घराला मिळालेली पॉवर. स्थिर आकार त्या सज्जतेचा. वीज आकार जळलेल्या युनिटांचा. गुहागर तालुक्यातील कितीतरी घरे गणपती आणि मे महिना सोडून एरवी कुलूपबंद असतात. मीटरचा काटा हलत नाही, तरी बिल येते, आणि मुंबईचा मालक ते भरतो. दाभोळच्या कराराचे तत्त्व त्याला या एका कागदावरून समजावून देता आले असते: राज्य हे असे एक घर आहे, त्याने आपल्या गरजेपेक्षा मोठा भार मंजूर करून घेतला आहे, आणि त्याचा स्थिर आकार डॉलरशी बांधलेला आहे. तसेच ज्या शेतपंपांना मीटर नसतो त्यांचे बिल हॉर्सवर आकारले जाते. पंप चालो वा न चालो, हॉर्सचे पैसे लागतात, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. मीटरवाल्या शेजाऱ्याचे बिल युनिटवर येते, हेही ठाऊक असते. जेम्स वॅटचा व्यवहार त्याला परका नाही.

'भारनियमन' हा शब्दही येथे आठवतो. विजेची मागणी उपलब्ध पॉवरपेक्षा वाढली की काही भागांचा पुरवठा बंद करावा लागतो, या क्रियेला मिळालेले हे नाव खेड्यापाड्यांत रुळले. त्यातील 'भार' हा पॉवरचाच वाचक आहे, आणि त्याचा वापर शास्त्रदृष्ट्या निर्दोष आहे. परिभाषा लोकांच्या गळी उतरत नाही, ही तक्रार या शब्दाने खोटी ठरविली आहे. अनुभवाशी ज्याची गाठ पडते तो शब्द कितीही संस्कृतप्रचुर असला तरी रुळतो.

येथे एक आक्षेप संभवतो. दाभोळचा वाद शब्दांच्या अज्ञानातून उद्भवला, असे म्हणणे हे भाषाशास्त्रज्ञाचे आत्मगौरव ठरेल. निविदा न मागविता झालेली निवड, परकीय चलनाशी बांधलेले दर, मागणीचे फुगविलेले अंदाज, जमीन आणि मच्छीमारीविषयीची भीती, आंदोलकांवरील पोलिसी कारवाई, ही कारणे भाषेबाहेरची आहेत. जून १९९७ मध्ये वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत पोलीस शिरले ते कोणाला व्याख्या चुकली म्हणून नव्हे. शिवाय जाणकारांना हा भेद पुरता ठाऊक होता. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेने कराराचे अर्थशास्त्र १९९५ मध्येच तपासले होते, आणि २००१ मध्ये माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही त्याची छाननी केली. अभय मेहता यांनी या प्रकल्पावरील आपल्या इंग्रजी पुस्तकाला 'पॉवर प्ले' असे नाव दिले. विजेचा आणि सत्तेचा खेळ एकाच शब्दात बांधण्याची सोय इंग्रजीत होती.

हा आक्षेप बऱ्याच अंशी मान्य केला पाहिजे. परंतु त्यातूनच मुख्य मुद्दा अधिक स्पष्ट होतो. जाणकारांचे विवेचन इंग्रजीत झाले. करारही इंग्रजीत होता. ज्यांची जमीन गेली आणि ज्यांच्या बिलातून पैसे जाणार होते त्यांच्यापर्यंत तो वाद पोहोचला तो 'वीज' या एका सर्वसमावेशक शब्दाच्या चाळणीतून. त्या चाळणीतून किंमत खाली पडली आणि वस्तू वर राहिली. विरोध करणाऱ्याला आपण कशाला विरोध करतो आहोत हे नेमके सांगता येत नसेल, तर त्याच्या रास्त विरोधाला भावनेचा उद्रेक म्हणून बाजूस सारणे सोपे जाते. गुहागरमध्ये हेच काही अंशी घडले.

८

या विवेचनातून परिभाषेच्या कार्याविषयी काही निष्कर्ष निघतात. शास्त्रीय शब्दाचा रूढ वापर म्हणजे शास्त्रीय अर्थाची घसरण, असे गृहीत धरून चालणे योग्य नाही. 'पॉवर' च्या बाबतीत रूढ अर्थानेच कराराचे मर्म अधिक सहजपणे उलगडले असते, कारण हाताशी राखलेले सामर्थ्य हीच तेथे विक्रीची वस्तू होती. तो अर्थ झाकला गेला तो पॉवरचे 'वीज' असे सोयीस्कर भाषांतर केल्यामुळे. भाषांतर मराठी होते, रुळलेले होते, वाचकाला कोठेही अडखळू देणारे नव्हते. आणि नेमके म्हणूनच ते दिशाभूल करणारे ठरले.

दुसरे असे की प्रतिशब्दाची परीक्षा त्याच्या व्युत्पत्तीवर किंवा शुद्धतेवर करणे पुरेसे नाही. दोन गोष्टी जेथे वेगळ्या ठेवावयास हव्यात तेथे तो त्या वेगळ्या ठेवू शकतो काय, ही त्याची कसोटी होय. या कसोटीला 'शक्ती' पुस्तकात उतरते, व्यवहारात उतरत नाही. 'वीज' व्यवहारात उतरते, हिशेबात उतरत नाही. 'भार', 'हॉर्स', 'युनिट', 'स्थिर आकार' हे शब्द मात्र दोन्हीकडे उतरतात. कोशकारांनी आणि पाठ्यपुस्तककारांनी या शब्दांकडे कारकुनी किंवा ग्रामीण म्हणून पाहू नये. शक्तीची व्याख्या शिकविताना घरचे वीजबिल वर्गात आणले, तर विद्यार्थ्याला वॅट आणि युनिट यांतील भेद पाठ करावा लागणार नाही. तो त्याला आधीच ठाऊक असल्याचे त्याच्या लक्षात येईल.

अखेर एक गोष्ट. खत, पाणी, हवामान, विमा, आरोग्य यांविषयीचे करार आणि अहवाल पुढेही येत राहतील, आणि त्यांतील कळीचे शब्द इंग्रजीतून येतील. प्रत्येक वेळी या शब्दाचा मराठीत सर्वांत सोपा पर्याय कोणता, एवढाच प्रश्न विचारला जातो. त्याआधी विचारावयाचा प्रश्न हा की, या शब्दाने मूळ कागदात कोणता भेद राखला आहे आणि तो भेद आपल्या बोलण्यात आज कोणत्या नावाने वावरतो आहे. अंजनवेलच्या बाबतीत त्या प्रश्नाचे उत्तर खाडीकाठच्या प्रत्येक घरी दर महिन्याला छापून येत होते.